रशियाबाई आणि बांधाची ओळ

रशियाबाईंना मी पहिल्यांदा घाबरले ती त्यांच्या छत्रीला. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात, दारात भांडी घाशीत बसले होते, तर एक उंच काटकुळी म्हातारी, मनगटावर पुरुषाचं घड्याळ, कोरड्या उन्हात काळी छत्री काठीसारखी आपटत आली आणि माझ्यासमोर थांबली.

"नाव काय तुझं?"

मी म्हटलं, "माहेरचं का सासरचं?" कारण लग्नात नाव बदललं होतं.

"तुला आवडतं ते सांग."

मला असं कधी कोणी इचारलंच नव्हतं. मी हात राखेचे तसेच घेऊन घरात पळाले आणि सासूबायना म्हटलं, आय, भायेर कोणतरी हाय. सासूबाय चुलीपुढून हसल्या. "अगो ती रशियाबाय. चावत न्हाय. इचारते मात्र लय."

मी आहेच घाबरट. नववीत शाळा सुटली, लगेच लग्न झालं, वर्षात आरू झाली, आणि आरू झाल्यापास्नं तर फोन वाजला तरी छातीत धस्स होतं. त्यात आमचे हे भाऊंच्या डंपरवर ड्रायव्हर. भाऊ म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. ग्रामपंचायत त्यांची, खडीची मशीन त्यांची, लग्नाचा हॉल त्यांचा आणि त्यांच्या वाढदिवसाचे बॅनर लावायचे ते बांबूपण त्यांचेच. भाऊंना राग आला तर डंपर गेला, डंपर गेला तर चूल गेली, एवढं मला कळत होतं आणि बाकी काय कळायची गरज पण वाटत नव्हती.

रशियाबाई आमच्या शेजारी. घरात त्या एकट्या, मूलबाळ न्हाय. मुंबईच्या गिरणी कामगाराची पोरगी, लाल बावट्याच्या कलापथकात होत्या. पण आवाज असा की म्हशीनं दूध आखडावं, हे त्या स्वतःच सांगायच्या. म्हणून त्यांना गाण्यात न घेता बाहुल्या नाचवायला दिल्या. बाहुल्या इतक्या चांगल्या नाचवल्या की पार्टीनं शिकायला रशियाला धाडलं. दोन वर्षं राहिल्या. परत येऊन आमच्या गावच्या एका कार्यकर्त्याशी लग्न केलं, कुळांची कामं करायचे ते, मी यायच्या आधीच वारले. बाईंनी मग इथेच बालवाडी चालवली. गावातले अर्धे बाप्ये त्यांच्या हातचा मार खाऊन मोठे झालेत, भाऊ धरून.

त्यांच्या सवयी सगळ्या उलट्या. चहा बिनदुधाचा, काळा, आणि साखर न घालता तोंडात आंब्याच्या मुरांब्याची फोड धरून वरून चहा प्यायच्या. आरूला पण शिकवलं. सासूबाय कपाळाला हात लावायच्या, "पोरीला रशियन केली गो हिनं!" कोणी म्हटलं की बाई, असं करायचं नसतं, की लगेच, "कोणी सांगितलं? नाव सांग." नाव कोणालाच सांगता यायचं न्हाय. मी एकदा म्हटलं की बाळंतिणीनं तिन्हीसांजेला दारात उभं राहू नये. "कोणी सांगितलं?" मी म्हटलं सासूबायनी. "त्यांना कोणी?" त्यांच्या सासूनं. "तिला?" मी आरूचं टोपडं सारखं करायला लागले. बाई म्हणाल्या, "बघ, मेलेल्या बाईला घाबरून तू घरात उकडून मरतेयस." आणि मला खुर्ची टाकून दारात बसवलं.

त्यांच्या पेटीत एक बाहुला होता, लाल नाकाचा, टोपीवाला, रशियातनं आणलेला. दुपारी पोरं जमली की खिडकीला लुगडं बांधून खेळ करायच्या. बाहुल्याच्या हातात काठी. तो सगळ्यांना धोपटायचा. पोलिसाला, सावकाराला, ग्रामसेवकाला, शेवटी बाईंनापण. पोरं नुसती लोळायची. एक दिवस खेळ झाल्यावर मी आरूला न्यायला गेले तेव्हा बाई त्याचं नाक पुसत होत्या.

म्हणाल्या, "हा तिकडे जुन्या काळापासून जत्रेत असायचा. राजाच्या पोलिसाला मारायचा, लोक हसायचे. मग क्रांती झाली. नवं सरकार म्हणालं, वा, हा आपलाच माणूस! त्याला पगार दिला, थेटर दिलं. म्हणाले, आता जमीनदाराला मार. त्यानं मारलं. मग म्हणाले, आता कोणाला मारायचं ते आम्ही सांगू. आणि शेवटी काय झालं ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "काय?"

"काठी काढून घेतली आणि दात घासायचा ब्रश दिला. पोरांना सांग म्हणाले, दात घासा, शेतावर वेळेत जा, आपलं सरकार चांगलं. त्याच्यावर बंदी नव्हती हं. रोज खेळ. कपडे नवे. पण हसायला कोण येणार?"

मला हसू आलं, मग जरा भीती वाटली, का ते कळलं न्हाय.

त्या तिकडे एका म्हातारीकडे राहायच्या, वेराआजी. ही वेराआजी तरुणपणी एका रंगवलेल्या रेल्वेगाडीत काम करायची. गाडीत शिनेमा, नाटक, पुस्तकं, आणि गाडी खेड्याखेड्यात जायची, लोकांना अक्षर शिकवायची. वेराआजी स्वतः त्याच गाडीत लिहायला शिकली. मग गाणी रचायला लागली. आणि मग काही वर्षांनी तिच्या गाण्यातल्या ओळी कोणीतरी लाल पेन्सिलनी खोडायला लागलं. पुढे तिच्या मुलाच्या वर्गात तर मास्तर पान उघडायला सांगायचे आणि सगळ्या पोरांनी त्या पानावरच्या एका माणसाचं तोंड शाईनं काळं करायचं. काल तो मोठा पुढारी, आज त्याचं तोंड नको. पोरगा संध्याकाळी घरी यायचा तो बोटं काळी करून. वेराआजी लिंबानं घाशीत बसायची, निघायचंच न्हाय.

मी म्हटलं, "मग वाईटच म्हणायचे ते."

बाई म्हणाल्या, "मी चाळीतली पोरगी. थेटरात पुढच्या खुर्चीवर मला पहिल्यांदा त्यांनीच बसवलं. ज्या हातानं वेराला अक्षर दिलं त्याच हातानं पुढे तिची ओळ खोडली. आता तो हात चांगला की वाईट, तू सांग मला."

मला वाटलं, रशिया लांब हाय, आपल्याला काय करायचंय. आणि मग आमचा बांध फुटला.

आमचं गाव खारेपाटातलं, धरमतरच्या खाडीला लागून. एका बाजूला खाडीचं खारं पाणी, एका बाजूला आमची भाताची शेतं, मधी मातीचा बांध. बांध हाय तर भात हाय. आधी गावच मिळून बांध राखायचा, घरटी एक माणूस, चिखलाचे गोळे हातोहात. मग बांधाचं काम भाऊंच्या माणसाला ठेक्यानं गेलं आणि त्यानं वरवर माती सारवून फोटो काढले. आषाढाच्या उधाणाला बांधाला मोठी खांड पडली, भगदाडच, आणि खारं पाणी लावलेल्या भातात शिरलं. चार दिवसांत रोपं तांबडी झाली. सासूबाय बांधावर बसून राहिल्या, रडल्या न्हाईत, पण घरी येताना रस्त्यानं गुणगुणत आल्या, आणि ओट्यावर जवळा निवडताना ओळ पुरी झाली:

बांध फुटला गो, खारं पानी शेतान
कोनी खाल्ली माती गो, गेली कोनाच्या पोटान

माझी सासू आमच्या गावच्या गवरीच्या फेराची पुढारीण. गवरी बसल्या की बाया हातात हात धरून गोल फिरतात, मधीच टाळी देतात, एक ओळ घेते, बाकीच्या झेलतात. त्या ओळी दर वर्षी नव्या. नवरा दारू पितो ती ओळ, नळाला पाणी न्हाय ती ओळ. गवरी माहेरवाशीण, तिला सगळं सांगायचं, आणि तिच्यापुढे बोललेल्याचा राग कोणी धरायचा न्हाय, ही आमच्याकडची रीत. दुसरी रीत अशी की गवरीपुढे घेतलेली ओळ खाली पडू द्यायची न्हाय. कोणीतरी झेलायचीच.

बांधाची ओळ दोन दिवसांत सगळ्या बायांच्या तोंडात. आणि ती भाऊंच्या कानावर गेली.

भाऊ रागावले न्हाईत. उलट घरोघर निरोप आला. या वर्षी गवरीचा फेर शाळेच्या पटांगणात, मोठा मंडप, स्टेज, लाईट, माईक, बायांना सारख्या साड्या, पहिल्या नंबराला पितळेची समई. साडी आली ती हिरवी, सोनेरी काठाची, इतकी मऊ की मी आरूच्या गालाला लावून बघितली. मी धावत बाईंना दाखवायला गेले.

बाईंनी साडी हातात घेतली, काठ बघितला. "छान आहे. पहिलं स्टेज देतात. मग साडी. कागद आला का?"

"कसला कागद?"

"येईल."

दुसऱ्या दिवशी कागद आला. भाऊंचा माणूस घेऊन आला, टाईप केलेला. चाल आमच्याच फेराची. वर शब्द: गवरी आली माहेरा, भाऊंच्या या दारा, भाऊंनी केला गो, विकास सारा. आणि आठ कडवी. तो माणूस सासूबायना म्हणाला, "मावशे, ती बांधाची ओळ ऱ्हाऊ दे यंदा. तुझा पोर डंपरवर हाय ना? चांगला पोर हाय." एवढंच बोलला, पाणी प्यायला, गेला.

संध्याकाळी हे आले ते जेवलेच न्हाईत. सासूबाय म्हणाल्या, "म्हनू कागदावरचं. जीभ काय झिजते?" पण त्यांना वाचता येत न्हाय, आणि फेरात हात धरलेले असतात, मग कागद धरणार कोण? तर ठरलं की मी नववी शिकलेली, मी फेराबाहेर माईक आणि कागद घेऊन उभी राहणार, ओळ वाचणार, त्या ऐकून म्हणणार.

मी बाईंकडे जाऊन रडले. मला वाटलं त्या चिडतील. त्या मुरांब्याची बरणी पुढे सरकवून म्हणाल्या, "तिकडे खेड्यात पोवाडे म्हणणारे म्हातारे होते. जुन्या राजांचे, वीरांचे. त्यांना नवे कोट दिले, राजधानीला नेलं, मेडल लावलं, आणि म्हणाले, चाल तुमचीच ठेवा हं, फक्त नाव आमच्या पुढाऱ्याचं घाला. त्यांनी घातलं. त्यांनाही घरं होती, पोरं होती. मी त्यांना नावं ठेवत नाही, तुलाही ठेवणार नाही."

"मग मी काय करू बाई?"

"तू वाच. तुझ्या पोरीला जेवायला लागतं. माझं कोण आहे? मी बघते."

मला ते 'मी बघते' ऐकून आणखीन भीती वाटली.

गवरीपूजनाच्या दिवशी दुपारी चारला मंडप भरला. स्टेजवर सोफे. मधल्या सोफ्यावर भाऊ, बाजूला त्यांची आई धाकूआजी, गावातली सगळ्यात म्हातारी, नाकात जुनी नथ. पुढे गवरी मांडलेली. हिरव्या साड्यांचा फेर उभा राहिला. मी बाजूला, कडेवर आरू, एका हातात माईक, एका हातात कागद, आणि घामानं कागदाची शाई अंगठ्याला लागलेली.

मी वाचलं, "गवरी आली माहेरा." सासूबायनी घेतलं. बायांनी झेललं, पण असं, जसं रेशनच्या लायनीत नंबर सांगतात. पाय पडत न्हवते. टाळी लागत न्हवती. मी पुढचं वाचलं. फेर ओढत चालला. सोफ्यावरचे लोक फोनवर बघायला लागले.

तेवढ्यात बाई आल्या. नेहमीचं पांढरं सुती लुगडं, छत्री मंडपाच्या खांबाला टेकवली, चपला काढल्या, गवरीला हात जोडले. मी त्यांना देवाला हात जोडताना कधी बघितलं न्हवतं. मग दोन बायांचे हात सोडवून मधी शिरल्या. भाऊंचा माणूस पुढे आला, "बाई, तुम्ही खुर्चीवर..." बाई म्हणाल्या, "तुझी पाटी कोरी असायची रे. गप बैस." लोक हसले. तो बसला.

आणि बाईंनी ओळ घेतली.

काय सांगू तो आवाज! दार करकरतंय का कोंबडा धरलाय. चालीचा पत्ता न्हाय. पण शब्द एक एक असा सुटा, जसा बालवाडीत शिकवायच्या.

"बांध - फुटला - गो. खारं - पानी - शेतान."

एकही बाई झेलेना. सासूबायनी मान खाली घातली. मंडपाच्या पंख्यांचा आवाज. आमचे हे मागे पुरुषांत उभे, त्यांचं तोंड मला दिसत होतं, पांढरं फटक. बाईंनी पुन्हा घेतली, आणखीन बेसूर. "कोनी - खाल्ली - माती - गो." माईक माझ्या हातात होता. खाली ठेवायला पायजे होता. मी तो बाईंकडे धरला. का, ते मला आज पण सांगता येत न्हाय. माझा हात पुढे गेला आणि मी त्याच्यामागे गेले.

स्टेजवरनं काठी आपटल्याचा आवाज आला. धाकूआजी उठून उभी.

"काय गो रांडांनो! गवरीपुढं ओळ खाली पाडता? मेल्या काय सगल्या?"

भाऊ म्हणाले, "आये, बस गो तू."

"तू गप र. तुला काय ठावं बांध. मी पोटुशी असताना चिकल व्हायलाय तिथं, तूच व्हतास पोटान!" आणि त्या पायऱ्या उतरल्या, आणि त्या म्हातारीनं ती ओळ अशी उचलली, अशी खणखणीत, की माझ्या अंगावर काटा आला. "बांध फुटला गो, खारं पानी शेतान!" आणि सासूबायचा गळा फुटला, आणि सगळ्या बाया, आणि पाय पडायला लागले, टाळी लागली, फेर असा फिरला की हिरव्या साड्यांचं नुसतं चाक. मागची पुरुष मंडळी शिट्ट्या मारायला लागली. मी कागद कुठे टाकला माहीत न्हाय. मी म्हणत होते. आरू कडेवर नाचत होती. धाकूआजी आणि बाई हात धरून, एक सुरात आणि एक बेसूर, "गेली कोनाच्या पोटान!" आणि पोटावर हात मारून सगळ्या बाया हसत होत्या.

भाऊंनी टाळी वाजवली. आई नाचतेय, गाव बघतंय, दुसरं करणार काय?

तरी दुसऱ्या सकाळी ह्यांना निरोप आला, डंपरवर येऊ नको. मी बाईंच्या दारात जाऊन बसले. बाईंनी पण चहा घेतला न्हाय त्या दिवशी. पण आमचा फेर कोणीतरी फोनवर घेतला होता आणि विसर्जनाच्या आत तो खारेपाटातल्या गावोगाव पोचला. जिथे जिथे बांध फुटलेला तिथे तिथे बायांनी ती ओळ घेतली. काहींनी आपल्या पुढाऱ्याचं नावपण घातलं. धाकूआजी मुलाच्या ताटातला भात बोटानं ढकलून म्हणायची, हा विकतचा हाय, माझ्या शेताचा आण.

दिवाळी झाली आणि बांधावर पोकलेन आला. मातीचे डंपर यायला लागले, आणि डंपर आले तसे ड्रायव्हर कमी पडले. ह्यांना बोलावणं आलं. आमच्याच बांधाची माती आमच्याच ह्यांनी आणली, रोज संध्याकाळी लाल धुळीनं माखून यायचे आणि मला म्हणायचे, "तुझ्या बाईंना सांग, चांगली माती टाकतोय, रिकामी खेप एक न्हाय."

मग भाऊंची जीप फिरायला लागली, वर भोंगा, आणि भोंग्यावर आमचीच चाल: बांध बांधला गो, भाऊंनी जोमान. मला वाईट वाटलं. मी बाईंना म्हटलं, बघा, चोरलं की हो. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगं, हरले ते! गाणं तुमचं, आणि म्हणावं त्यांना लागतंय. देऊन टाक. तुम्ही नवी ओळ करा. ओळ करायची थांबलात तर मात्र काळजी." सासूबायनी कुंपणापलीकडनं लगेच ओरडून सांगितलं, "केली गो बाय! नळाची केली!"

बाई आता पुण्याला असतात, भाचीकडे. गुडघे धरले त्यांचे. जायच्या आधी पुढच्या वर्षीच्या आषाढाचं मोठं उधाण बघून जाईन म्हणाल्या. अमावस्येला भर दुपारची भरती. अख्खा गाव नव्या बांधावर. पाणी चढत होतं, काळंभोर, फुगत, आणि मी आरूला घट्ट धरून, डोळे मिटून घेतले होते. आता खांड पडणार, आता पडणार. मग सासूबायनी माझा दंड हलवला, "उघड गो डोले." पाणी बांधाच्या खांद्याला लागलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. जरा वेळ थांबलं, आणि मग ओल्या मातीवर एक रेघ ठेवून उतरायला लागलं.

सगळे ओरडायला लागले, पुरुषांनी टोप्या उडवल्या. बाई मात्र वाकल्या. खाडीच्या बाजूला हात बुडवला, बोट चाटलं, तोंड वाकडं केलं. मग गुडघ्यावर हात ठेवत, कुणाचा आधार न घेता, बांध ओलांडून अलीकडे शेतात उतरल्या. पोटऱ्यांपर्यंत चिखलात, हिरव्या भातात. ओंजळ भरून तोंडाला लावली. आम्ही सगळ्या वरनं बघत होतो.

त्यांनी मान वर केली, हनुवटीवरनं पाणी गळत होतं.

"गोड आहे गं," म्हणाल्या, आणि दुसरी ओंजळ भरली.